कात्री धरलेले गृहस्थ

नाना गेल्याची बातमी मोबाइलवर आली ती फुलांच्या चौकटीतल्या फोटोसकट. फोटो पाहिला आणि दुःखाच्या आधी संताप आला. यांच्याकडे दुसरा एकही फोटो नव्हता का... पुरवणीच्या संपादकांनी सांगितलंय, भाची म्हणून चार चांगले शब्द लिहा. महिना झाला, मी ते चार शब्द शोधते आहे.

नाना म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. मूळचे धुळ्याचे, वकिली जळगावात. वाटण्या, अपघात, फौजदारी सगळं करून झाल्यावर त्यांनी ऑफिसात एक काचेची खोली काढली आणि दारावर पाटी लावली, ‘बौद्धिक संपदा व पेटंट विभाग’. विभागात नाना, एक एसी आणि प्लॅस्टिकचं झाड. पहिली कामगिरी म्हणजे पहूरच्या एका भरीतवाल्याला धाडलेली नोटीस: ‘खान्देशी’ हा शब्द आमच्या अशिलाच्या मालकीचा आहे, तो पाटीवरून पुसा. भरीतवाल्याने नोटीस फ्रेम करून गल्ल्यामागे टांगली. गिऱ्हाइकं ती वाचत जेवायची. नाना मात्र सत्कारांतून सांगत फिरायचे, ट्रेडमार्कात आपला हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही. सत्काराला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. शाल दिसली की माणूस खांदे आपोआप पुढे करायचा.

माझा भाऊ युवराज. चोपड्याला त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. घडावरून केळीची फणी उतरवताना कोयत्याने फळ दुखावतं, डाग पडतो, व्यापारी भाव पाडतो. युवराजने वाकड्या पात्याचं एक यंत्र बनवलं. दांडा ओढला की फणी अलगद हातात यायची. पेटंटसाठी तो घरच्याच वकिलाकडे गेला, दुसरीकडे जायचं सुचणार तरी कसं? आता या कामातली बाराखडी अशी, की आधी अर्ज करायचा आणि मग जगाला दाखवायचं. आधीच चारचौघांत मांडलेली वस्तू कायद्याला नवी वाटत नाही. युवराजने विचारलंही होतं, “मामा, पहिले अर्ज टाकी देऊत ना?” नाना खुर्चीत रेलून म्हणाले, “कागद काय पळी जाई ऱ्हायना का? आधी बठ्ठासले दखू दे.” आधी सगळ्यांना पाहू दे, म्हणे. पुढच्याच आठवड्यात कृषी प्रदर्शन होतं आणि प्रमुख पाहुणे नाना होते. फीत कापायला त्यांना काहीतरी हवं होतं, एवढंच.

युवराजच्या यंत्रापुढची फीत कापली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, यंत्र कसं चालतं ते सविस्तर छापून. अर्ज त्यानंतर गेला. पेटंट मिळालं, पेढे वाटले, आणि एका कारखानदाराने हुबेहूब नक्कल बाजारात आणली. आम्ही दावा लावला. त्याने उलट मागणी केली, पेटंटच रद्द करा, आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. तिथे त्याच्या वकिलाने पेपराचं तेच पान पुढे ठेवलं. न्यायमूर्तींनी ते निरखून पाहिलं. “कात्री धरलेले हे गृहस्थ कोण?”

आमचे वकील म्हणून नाना समोरच उभे होते. काळा कोट, तीच मिशी. म्हणाले, “कुणी स्थानिक प्रतिष्ठित असावेत, मिलॉर्ड.”

मागच्या बाकावर युवराजने मान खाली घातली. शरम ज्याला वाटायला हवी होती तो गळ्याचे पांढरे बँड सारखे करत होता.

पेटंट रद्द झालं. नात्यागोत्यात नानांनी एकच सांगितलं, “भाचानी हौस नडनी, मी काय करू?” आणि लोकांना ते पटलं. एवढा मोठा वकील चुकेल कशाला! आज ती नक्कल यावलपर्यंतच्या केळीबागांत चालते, युवराज खिडक्यांच्या जाळ्या जोडतो, आणि लग्नाकार्यात कुणीतरी त्याला ऐकवतंच, मिरवला नसतास तर... पैसा गेल्याचं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. हे ऐकताना मात्र तो उठून जातो. मला नानांचा तिरस्कार वाटायचा, अजून वाटतो. ते गेले म्हणून तो कमी झालेला नाही.

शोकसभा त्याच काचेच्या खोलीत झाली. भिंतीवर हार घातलेला मोठा फोटो, मोबाइलवर आलेला तोच, प्रदर्शनातला. छाटून मोठा केलेला. कात्री गेली, फीत गेली, यंत्रही गेलं. उरलेत हसरे नाना, आणि अगदी कडेला यंत्राच्या उरलेल्या दांड्यावर ठेवलेला एक हात, मनगटापासून पुढचा.

नानांचे ज्युनिअर हार सरळ करत होते. “हा हात कुणाचा मध्येच? काढून टाकायला सांगतो.”

सगळ्या नातेवाइकांसमोर युवराज उठून फोटोपाशी गेला.

“मना शे,” त्या हातावर आपला हात ठेवून तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे.”

फोटो अजून तिथेच आहे, हातासकट.