संमतीचा मानपान

माझ्या लग्न न झालेल्या भाचीला मुलगी झाली आणि आमच्या घराण्याला भांडायला झकास निमित्त मिळालं. एवढी करमणूक मला जत्रेतसुद्धा कधी मिळाली नव्हती.

तान्ही पोर माझ्या थोरल्या बहिणीनं दत्तक घ्यायची, असं ठरलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. पोरीच्या बापानं तर कधीच हात झटकलेले. त्याचं लग्नही दुसरीकडं ठरलेलं. पण भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, हटून बसले. पुरुषाकडच्यांची संमती नसेल तर उद्या कटकट होईल! म्हणून त्या हात झटकणाऱ्याच्या बापाला वाशीहून उमरग्याला बोलावलं. गृहस्थ जीपभर माणसं घेऊन आले.

बायका आत, पुरुष बाहेर सतरंजीवर.

"संमती देऊ की," वाशीकर पाय पसरून म्हणाले. "पण मानपान?"

"कशाचा मानपान? तुमच्या पोरानं शेण खाल्लं!"

"मग ठिवा नात घरात. आमी चाललो."

दाजींनी दातओठ खात फेटा मागवला. तो मीच बांधला. असा आवळला, की वाशीकरांच्या भुवया कपाळावर चढल्या. बाकीच्यांना टॉवेल-टोपी. एका चुलत्याला नुसती टोपी गेली, त्यावरून एकमेकांची आईबहीण काढून झाली.

तेवढ्यात आमचे वकील आले. "हे कोण?"

"पोरीचे आजोबा. संमती द्यायला आलेत," दाजी म्हणाले.

"यांची कशाला? लग्नच झालेलं नाही, तर आईची संमती लागते. बापाचीही नको, मग आजोबाची कुठली? आई कुठंय?"

तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पोरीला खांद्यावर टाकून भाची बाहेर आली. "वकीलसाहेब, मी न्हाय म्हणलं तर?"

"तर विषय संपला."

"मग न्हाय. माझी पोरगी मी देत न्हाय."

थोरली बहीण आतून कडाडली, "घरात पाळणा बांधून बसलेय मी! कुठं तोंड दाखवू?"

"तो पाळणा मला द्या मावशी. मला लागंल."

"नीघ माझ्या घरातनं!" दाजी ताडकन उठले.

"निघते की. दवाखान्यातली नोकरी हाय, खोली हाय."

मी हसू दाबत तिची पिशवी उचलली. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा मागून दाजी आणि वाशीकर, दोघंही तिला एका सुरात शिव्या घालत होते. दिवसभरात त्यांचं तेवढं एकच जमलं.