आप्पांच्या हयातीतली मिशी

आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप असताना वस्तरा ओठावर फिरवायचा नाही. हे ठाऊक असूनही विसाव्या वर्षी मी मिशी काढली, कारण नाटक कंपनीने मला नायिकेचं काम दिलं होतं आणि मी हुरळून गेलो होतो.

तसाच गावी, उचगावला गेलो. आप्पा बांधावर उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मी मेलो व्हय रं?" त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. बेळगावातल्या बायका माझ्यासारखा पदर घ्यायला शिकल्या, तिथल्या खासबागेत लोक मला बोट दाखवून ओळखू लागले. आप्पा मात्र नाटकाच्या मंडपाकडे फिरकले नाहीत. मीही काही कमी हट्टी नव्हतो. सणाला जायचो, आईच्या हातचं खायचो आणि परत यायचो. अशी बारा वर्षं गेली.

मग नाटकात बायकांची कामं बायकाच करू लागल्या आणि आमची सद्दी संपली. कोल्हापूरला एका बोलपटात मला सरदाराची भूमिका मिळाली. दिव्यांच्या उष्णतेने घाम यायचा आणि चिकटवलेली मिशी सुटायची. दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "खरीच वाढवा."

वाढवली, पीळ दिला आणि थेट उचगाव गाठलं. आप्पा उठून जवळ आले. मिशी चिमटीत धरून त्यांनी अशी ओढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग आत वळून आईला म्हणाले, "खरी हाय गं. वाढ त्याला." त्या दिवशी आम्ही दोघं शेजारी जेवलो. इतका आनंद मला कुठल्याही टाळ्यांनी दिला नाही.

चित्रपट अर्ध्यावर असतानाच आप्पा गेले. मी गावी निघताना दिग्दर्शकांनी बजावलं, "शेवटची लढाई राहिली आहे. मिशीला हात लावू नका, नाहीतर पुढचं काम विसरा."

दहाव्याला न्हावी समोर बसला. धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "अण्णा, मी काढतोय की. तुझी ऱ्हाऊ दे. तुझं पोट हाय त्यावर."

भावाच्या बोलण्याने मी विरघळलो. खोटं कशाला सांगू, क्षणभर मोहही झाला. पण आप्पांची ती चिमटी आठवली आणि मी न्हाव्यापुढे तोंड केलं.

चित्रपट मी काही महिन्यांनी निपाणीत पाहिला; तोवर मिशी परत वाढू दिली नव्हती. शेवटच्या लढाईत सरदार पडदाभर पाठमोराच लढतो. ती पाठ माझी नव्हे. लोकांनी तिला टाळ्या दिल्या, मीही दिल्या. पुढे मोठं काम मिळालं नाही, याचं दुःख आजही आहे. पण त्या दिवशी माझ्या शेजारी तंबाखूच्या वखारीतला एक म्हातारा बसला होता. तो माझ्या कोऱ्या ओठाकडे बघून हलकेच म्हणाला, "वडील गेले जणू?"

मी म्हणालो, "व्हय. आत्ताच गेले."