कौल कुणाच्या उजव्या हाताचा

"तुकडा काढू द्यायचा न्हाय," मी दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले आणि माझ्या मुलानं सहीचा कागद खाली ठेवला. सून शोभा खाटेवर बसून धापा टाकत होती. आडवं झालं की तिचा जीव गुदमरायचा. छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे, गाठ होती.

बारामतीत सुईनं पेशी काढल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशी वाईट आहेत, पण फार थोड्या आल्या. दोन रोग असे सारखेच दिसतात. दोन्ही क्वचित होतात, दोन्ही झपाट्यानं वाढतात. एकाला औषध लागू पडतं, दुसऱ्याला फारसं नाही. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कोणता ते कळणार नाही. थांबायला वेळ नाही."

तुकडा काढला की रोग अंगभर पसरतो, असं आमच्या शेळगावात सगळे म्हणतात. मीही तेच धरून बसले.

"मग देवीला तरी इचार," मुलगा चिडून म्हणाला.

मी गावी आले. गुरव रानात गेला होता, म्हणून मीच देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर काढायचा, डावी पडली तर नाही. खरं सांगते, मला नाहीच ऐकायचं होतं. "डावी पडली!" मी मोठ्यानं म्हणाले. मी सुटले.

मागं ओटी घेऊन एक बाई उभी होती. कळंबची असावी, पुन्हा कधी दिसली नाही.

"आजे, कुणाची डावी?"

"माजी. आन् कुणाची?"

"मग कौल तुजा का देवीचा? ती तुज्याकडं तोंड करून बसलीया. तिचा उजवा हात बघ की!"

जन्मभर त्या देवीला हात जोडले. कौलात उजवं-डावं देवीच्या हाताचं धरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बघायचं नव्हतं, म्हणून दिसलं नाही.

मी मुलाला फोन लावला. "कर सही."

"आता काय झालं?"

"देवी व्हय म्हनती. न्हाय मीच म्हनत हुते."

शोभाला बसवूनच तुकडा काढला. औषध लागू पडणारा रोग निघाला. पुढं तिचे केस गेले. तिचं बोडकं डोकं मांडीवर घेऊन मी खोबरेल चोळायचे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तोवर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या दोनांतला दुसरा, औषध फारसं लागू न पडणारा रोग निघाला. तिच्या सासूनंही देवाला काही कमी विनवलं नव्हतं. असं का, ते मला कळत नाही. ती कळंबची बाई त्याच वेळी का आली, तेही कळत नाही. आता मी देवीला उत्तर आधी सांगून प्रश्न विचारत नाही. हात जोडून गप्प उभी राहते.

शेजारची बाई गेली. शोभा जगली.