शेवंतीचा सासरा

आमच्या शेवंतीला ज्याने मारलं, तो रोज माझ्या दारावरून बाईकने शिफ्टला जातो. वर विचारतो, "काकी, बरं हाय ना?"

बरं आहे रे बाबा. तुझा हिशेब चुकता केल्याशिवाय मला काही होत नाही.

शेवंती आमचा ससा. बाईमाणूस, पण म्हणायचं ससाच. पांढरीशुभ्र, एक कान कायम पडलेला. आज तिला जाऊन वर्ष झालं.

मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. त्याचं नाव घालू नको म्हणते, भानगड होईल. बरं. मी त्याला व्याही म्हणेन. आमच्या सरावली गावात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

नातीने शेवंतीला आणली तेव्हा मी म्हटलं, घरात उंदीर कमी होते का? आठवडाभरात ती माझ्याच पदरावर झोपायला लागली.

एकदा तरी पिल्लं व्हावीत ही नातीची हौस. सशांचं आमच्यात कुणालाच काही ठाऊक नाही, म्हणून आधी पालघरला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

ते म्हणाले, तिचं अंग भरू दे, घाई नको. मग तिला नराच्या पिंजऱ्यात न्या. नराला तिच्याकडे आणू नका, ती त्याला फाडून काढेल. समोर उभे राहा आणि लगेच घरी घेऊन या. आणि पिल्लं कुणाला देणार ते आधी ठरवा, मगच यात पडा.

मी म्हटलं, म्हणजे आमच्यासारखंच. नवरी सासरी जायची, पण पहिलं बाळंतपण माहेरी.

"अगदी तसंच, आजी. फक्त सासरी मुक्काम नाही."

चार घरं सोडून व्याह्याकडे भुऱ्या नावाचा नर होता. शेवंतीला टोपलीत घालून नेली, हातात नारळ घेतला. त्याने चहा केला. मला विहीणबाई म्हणाला. मीही त्याच्या चहाला नावं ठेवली. व्याह्यांत चालतं तेवढं.

तासाभरात लेक घरी परत.

महिन्याने शेवंती पोटाचे केस उपटायला लागली. सून घाबरली, खरूज झाली म्हणून खोबरेल तेल घेऊन धावली. मी हात धरला. म्हटलं, थांब गं, बाळांसाठी दुपटं करतेय ती.

खरंच. खोक्यात सुकं गवत, त्यावर स्वतःच्या केसांची गादी, आणि त्यात पिल्लं.

दोन महिने आईजवळ ठेवली. मग आधी ठरलेल्या घरी एकेक दिलं. एक मुलगी आम्ही ठेवून घेतली. जाई.

मग माझे डोळे आडवे आले. मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. पालघरच्या माझ्या लेकीने मला तिकडेच ठेवून घेतलं.

तेवढ्यात हा व्याही घरी आला. सुनेला म्हणाला, काकींशी बोलणं झालंय. आणि शेवंतीला घेऊन गेला.

बोलणं? माझ्याशी?

नराच्याच पिंजऱ्यात ठेवली, रात्रंदिवस. तिथेच ती व्याली आणि त्याच दिवशी परत गाभण राहिली. सशांचं असंच असतं. म्हणून तर दोघांना वेगळं ठेवायचं असतं.

सून तिला आणायला गेली, तर म्हणे, "ओल्या बाळंतिणीला हलवतात काय, वहिनी?"

माझीच रीत, माझ्याच सुनेला शिकवली.

पिल्लं धड चरायला लागायच्या आत बोईसरला नेऊन विकली.

मला कुणीच सांगितलं नाही. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नव्हतं ना.

घरी आल्यावर कळलं. काळा चष्मा लावून तशीच त्याच्याकडे गेले. नव्या डोळ्यांनी पहिलं नीट पाहिलं ते हे.

ऐन उन्हाळा. पत्र्याखाली पिंजरा. शेवंती आडवी पडलेली, परत दिवस भरलेले. परत दुपटं करायला घेतलं होतं.

पोटावर उपटायला केसच उरले नव्हते.

तरी ती तोंडाने ओढत होती.

मी मांडीवर घेतली, तिथेच जीव सोडला तिने.

तो म्हणाला, "काकी, ससाच तो. बाजारात दुसरा मिळेल."

मी भांडले नाही. पदरात गुंडाळून तिला माहेरी आणलं.

त्याने खरंच दुसरी आणली. मग तिसरी. त्यांचीही तीच गत.

पण त्याच्याकडे पिल्लं घ्यायला येणारा प्रत्येक माणूस माझ्या ओट्यासमोरून जातो. मी हाक मारते. ससा घ्यायला चाललात? घ्या की. फक्त त्याला म्हणा, आई दाखवा. आई धडधाकट असेल तरच पिल्लू घ्या.

दाखवणार कुठून?

माणसं हात हलवत परत येतात. मी पाणी विचारते. बसा म्हणते. सगळं सांगते.

आता त्याला कुणी मादी देत नाही. मी देऊ देत नाही.

गेल्या आठवड्यात स्वतःच आला, चपला बाहेर काढून.

"काकी, जाई मोठी झाली ना? भुऱ्या एकटाच पडलाय."

"बाप हाय तो तिचा."

"जनावरांत कसलं आलंय नातं, काकी?"

"मग मला विहीण कशाला म्हणत होतास?"

चपला हातात घेऊनच गेला.

भुऱ्याचा काही दोष नाही. रोज संध्याकाळी मी जाते, जाळीतून त्याला हरळी भरवते. व्याही दारात उभा असतो. मी जावयाशी गप्पा मारते. ह्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

व्याह्या, नात म्हणते, तू तिचे स्टेटस बघतोस. मग ही पोस्टही बघशील. ऐक. पिंजरा भंगारात घाल आणि भुऱ्याला माझ्या दारात आणून सोड. त्याला घरजावई करते, जाईपासून लांब, वेगळ्या पिंजऱ्यात. तोवर ह्या ओट्यावरची माझी राखण चालूच राहील. डोळे आता दोन्ही चांगले झालेत माझे.

शेवंते, तुझी लेक माहेरीच आहे. तिला न्यायला कुणी येणार नाही.

लोक फुलं वाहतात. तुला ओंजळभर हरळी.

नीज गं बाय.