माझ्या भाचीचा मेंदू जागा केला, त्याची गोष्ट

त्या काळ्या पट्टीचा वास मला अजून आठवतो. आत फोम घातलेली, डोळ्यांवर घट्ट बसणारी पट्टी, आणि तिला कितीतरी पोरांच्या घामाचा कुबट वास. हातात घेतली तशी मी ती अंगापासून लांब धरली होती. नुसत्या घामासाठी कुणी तसं करत नाही हेही खरं.

ईट गावाजवळच्या एका खेड्यात मी वाचनालय सांभाळते. नाव ग्रंथपाल, पण झाडू मारण्यापासून पेपरच्या गठ्ठ्यांना सुतळी बांधण्यापर्यंत सगळं मीच करते. भाऊ त्याच गावात राहतो. त्याची नऊ वर्षांची मुलगी शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट माझ्याकडे यायची आणि कपाटाखाली पोतं अंथरून वाचत बसायची. ओठ हलवत, ओळीखाली बोट सरकवत, फार सावकाश. पेपर वाचायला येणारी म्हातारी मंडळी मला चिडवायची, "बाई, तुमची भाची पान वाचतीया का राखन करतीया?"

तिचं एक लाडकं पुस्तक होतं. घरची शेळी बाजारात विकायला नेतात, त्याची साधी गोष्ट. नेताना वळणावर शेळी मागं वळून बघते, असं त्यात एक वाक्य होतं. तिथं आली की पोर पुस्तक मिटायची. "आत्या, वळून का बघितलं तिनं? तिला कळलं व्हतं का?" मी म्हणायचे, मला काय ठाऊक, तूच सांग. मग ती घरी जाऊन गोठ्यात स्वतःच्या शेळीपाशी उभी राहायची, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच पान काढायची. मन घडतं कसं यावर मी पुष्कळ वाचलंय, जाडजूड पुस्तकं आहेत त्याच्यावर. पण घडताना पाहिलं ते त्या पोत्यावर. एक वाक्य आत शिरत होतं आणि पोर सरकून त्याला जागा करून देत होती.

भावाला यातलं काही दिसलं नाही. त्याला दिसलं एवढंच, की मुलगी मागं पडतेय. शेजारच्यांची मुलं बार्शीला कसल्याशा वर्गाला जात होती. माणसाच्या मेंदूचा मधला भाग म्हणे झोपलेला असतो, तो जागा केला की मूल डोळे बांधूनही वाचतं. भावानं भाचीचं नाव घातलं. मी विरोध केला तर म्हणाला, "आक्का, तुला पुस्तकाच्या भायेर काय दिसतंय?" ज्याला पेपराची पुरवणी फक्त पोळ्या गुंडाळायला लागते, त्यानं मला हे ऐकवलं.

भाचीचं वाचनालयात येणं बंद झालं. रस्त्यात भेटली तर म्हणायची, "आत्या, प्रॅक्टिस हाय." चालताना हनुवटी जरा वर धरायची तिला सवय लागली होती. मला वाटलं, मान अवघडली असेल.

पुढं तिच्या धाकट्या भावाचं जावळ सोनारीला भैरवनाथापाशी काढायचं ठरलं. पाहुणेरावळे जमले, जावळ झालं, पुरणाचं जेवण उरकलं आणि मंडपात माइक आला. वर्गाचे सर खास आले होते. भावानं त्यांना फेटा बांधला. बाळाच्या मामालाही एवढ्या प्रेमानं बांधला नव्हता. सरांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा मेंदू काढला, डब्याचं झाकण काढावं तसा त्याचा वरचा भाग उचलला आणि आतला एक पिवळा तुकडा सगळ्यांना दाखवला. "हा झोपलेला होता. आता जागा आहे." बायाबापड्या पदर सावरून त्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

डोळे बांधून पुस्तक वाचून दाखवायचं होतं, आणि पुस्तक आणायचं काम भावानं माझ्याकडे दिलं होतं. मी मुद्दाम शेळीचंच नेलं. त्या वाक्यापाशी पोर थांबेल, पट्टी ओढून काढील, अशी माझी वेडी आशा.

तिनं आधी पान हुंगलं. मग त्यावरून बोटं फिरवली. मग पुस्तक छातीशी धरलं, हनुवटी वर केली आणि वाचायला लागली. मी समोरच बसले होते. नाकापाशी पट्टीला फट होती, आणि त्या फटीतून पोर खाली बघत होती. मला दिसलं म्हणजे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना दिसलं असणार. ती घडाघडा वाचत होती. शेळीचं वाक्य आलं आणि रस्त्यातला दगड चुकवावा तसं मागं पडलं. पोरीच्या आवाजात काहीही हललं नाही. टाळ्या वाजल्या. माइकवरून पाहुण्यांनी पोरीला दिलेली बक्षिसं पुकारली जाऊ लागली. माकडवाल्याच्या हातात डमरू असतो, इथं माइक होता, एवढाच फरक.

मी भावाला मंडपाबाहेर घेतलं. "तुला दिसत न्हाय का रे, ती फटीतून बघतीय ते?"

तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "दिसतंय की. म्या काय आंधळा हाय का? सगळ्यांचीच पोरं तसं वाचत्यात. आपलीच का मागं ठिवायची?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ज्यांनी आपली पोरं तिथं घातली त्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकमेकांकडे बघून ते टाळ्या वाजवत होते. मला त्या सगळ्यांची किळस आली. सरांची सर्वांत कमी, कारण तो निदान पोटासाठी करत होता.

आम्ही परत आलो तेव्हा भावाचे सासरे मागच्या रांगेत उठून उभे राहिले होते. पोरीवर जीव असलेले, साधे शेतकरी. त्यांना मात्र ठाऊक नव्हतं. त्यांचा या सगळ्यावर मनापासून विश्वास बसला होता. ते हात जोडून सरांना म्हणाले, "सर, आमच्या वरच्या रानात दोनदा बोर घेतला, दोन्ही टायमाला निस्ता फुफाटा निघाला. पानी बघनारा पानाड्या नारळ घिऊन हिंडला, काय उपेग झाला न्हाय. आता आमच्या नातीला पुस्तकातलं दिसतंय तर भुईतलं बी दिसंल. तिला पट्टी बांधून रानात न्यावं म्हन्तो."

मंडपात कुणी हसलं नाही. मी सरांकडे बघत होते. हा आता तरी नाही म्हणेल. सर फेटा नीट करत म्हणाले, "प्रॅक्टिस वाढली की तेही जमतं."

"न्या की मामा, ऐतवारी न्या," भाऊ सासऱ्यांना म्हणाला.

पोर पट्टी बांधून तशीच उभी होती. तिची हनुवटी सावकाश माझ्याकडे वळली. मला वाटलं, ती घाबरलीय. रविवारी रानात शंभर माणसं जमतील, पट्टीच्या फटीतून तिला स्वतःचे पाय तेवढे दिसतील, आणि बोर कोरडा गेला की सगळं खापर नऊ वर्षांच्या पोरीवर फुटेल. मी उठले, तिच्या मागं गेले आणि सगळ्यांदेखत पट्टीची गाठ सोडली. "पोरीला भोवळ येतीय," एवढंच बोलले. भाऊ दात खात म्हणाला, "आक्का, चारचौघांत तरी गप बस." मी बसले नाही. तिचा हात धरून तिला बाहेर नळापाशी नेलं आणि तोंडावर पाणी मारलं.

ती रडत होती. मी पदरानं तिचं तोंड पुसायला गेले, तर तिनं माझा हात झटकला.

"का सोडलीस? मला भोवळ आली नव्हती. आजोबाला म्या पानी दावलं असतं."

"कसं दावलं असतंस?"

"कुठं बी बोट करायचं. सर म्हन्त्यात, अडखळायचं न्हाय, मग सगळ्यास्नी खरंच वाटतं."

मी नळ बंद केला. पट्टी सोडताना तिच्याकडून घेतलेलं पुस्तक माझ्या काखेत होतं, ते मी तिच्या हातात दिलं. शेळीचं पान उघडून दिलं. म्हटलं, हे बघ, आता इथं बसून दोघी वाचू, नेहमीसारखं, सावकाश.

तिनं पानाकडे पाहिलं. पाणी अजून गालांवर होतं. मंडपात पुन्हा कुणाच्या तरी नावाचं बक्षीस पुकारलं गेलं, तिकडं तिनं मान वळवली.

"डोळं उघडं ठिवून वाचलं तर कोन बघतंय, आत्या?" पुस्तक मिटून तिनं माझ्या हातात परत दिलं आणि विचारलं, "पट्टी कुठं ठिवलीस?"