पैलतीराकडे निघालेले सासरे

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या सासऱ्यांना घालवलं, तेही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये.

(अप्पा ठणठणीत आहेत. कालच दोन वाट्या श्रीखंड संपवून 'जरा आंबट होतं' म्हणाले.)

झालं असं, की चाळिशी उलटल्यावर मला स्ट्रीट फोटोग्राफीचं वेड लागलं. दर रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून मी डोंबिवली, कल्याण, ठाणे पालथं घालायचो. आमच्याकडे रस्त्यावर माणूस माणसाला खेटून चालतो, पण कॅमेऱ्याला डोळा लावला की सगळं हळू होतं. फडके रोडवर एखादी फुलवाली क्षणभर थांबते, तिच्या सावलीत मांजर येऊन बसतं, आणि मागचा गोंगाट कुणीतरी अलगद बंद केल्यासारखा वाटतो. मला तिथे नुसतं उभं राहायलाही फार आवडायचं. (मागच्या रिक्षावाल्याला आवडायचं नाही. "ओ भाऊ, झोप लागली काय?")

माझं हे वेड एकाच माणसाने मान्य करावं, एवढीच माझी इच्छा होती. तो माणूस म्हणजे बायकोचे वडील, अप्पा. सरकारी खात्यातून निवृत्त, मुक्काम ठाण्यात खाडीकाठचं कोलशेत. माझा प्रत्येक फोटो ते चष्मा कपाळावर सरकवून बघायचे.

"जावईबापू, यात बाईचं तोंड कुठाय?"

"ती पाठमोरी आहे, अप्पा. त्यात एक गूढ आहे."

"तोंडच नाही म्हटल्यावर गूढच की!"

गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी आम्ही कोलशेतला राहायला गेलेलो. रविवारी सगळे झोपेत असताना मी खाडीच्या रस्त्यावर पोचलो. काय ते धुकं! टॉवर वरून अर्धे पुसले गेलेले, दिवे पिवळे आणि मऊ, रस्ता पुढे जाऊन पाण्यात विरघळलेला. कुठेतरी एक बगळा ओरडला आणि पुन्हा सगळं शांत. इतक्यात त्या धुक्यातून माकडटोपी घालून शाल पांघरलेली एक पाठमोरी आकृती संथपणे खाडीच्या दिशेने निघाली. अप्पा! (दुधाच्या पिशव्या आणायला.) मी श्वास रोखून बटण दाबलं. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो.

तो मी तिथल्या तिथे ब्लॅक अँड व्हाइट करून सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अप्पा... पैलतीराकडे.'

मला खाडीचा पलीकडचा काठ म्हणायचं होतं हो!

मिनिटभरात उत्तरं सुरू झाली. 'निःशब्द!' 'विश्वासच बसत नाही.' 'इतक्या लवकर?' (खरंय, रविवारी मी दहाच्या आत उठत नाही.) मग जोडलेल्या हातांची रांगच लागली. माझे डोळे भरून आले. या घराण्यात कला कळणारं एक माणूस आजवर भेटलं नव्हतं, आणि आज सगळे एकदम जागे! मी भारावून उत्तर टाकलं, 'मनापासून धन्यवाद! तुमची अशीच साथ असेल तर पुढच्या रविवारी सासूबाईंना घेतो.'

आणि फोन खिशात टाकून पुन्हा धुक्यात शिरलो.

अशा प्रसंगी घरच्यांना फोन करून विचारायचं नसतं, सरळ जाऊन उभं राहायचं असतं, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे ऊन वर आल्यावर मी परतलो तेव्हा लिफ्टपाशी अप्पांची थोरली बहीण, कल्याणजवळच्या मोहन्याला राहणारी आक्का, पदर तोंडाला लावून उभी. मला बघताच तिने माझा हात घट्ट धरला.

"जावईबापू, कसं हो झालं?"

"काय सांगू आक्का! धुकं होतं, एकच क्षण मिळाला."

"त्रास नाही ना झाला त्याला?"

"छे! त्यांना कळलंसुद्धा नाही!"

"आणि तुम्ही तिथेच होतात?"

"म्हणजे काय! मीच तर केलं सगळं!"

आक्का दोन पावलं मागे सरकली. वर पोचलो, बेल वाजवली. दार अप्पांनीच उघडलं. आक्का डोळे पुसायच्या आधीच समोर दिसेल त्याच्या गळ्यात पडली. "अरे, आपला बाळ्या गेला रे!"

"अगं आक्का, रडू नकोस. कोण बाळ्या?"

"तू!"

अप्पांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून खात्री करून घेतली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची चुलत मेहुणी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली, कारण गेलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. अप्पांना बघून तिच्या हातातलं पातेलं पडता पडता वाचलं. आतून बायको फोन नाचवत बाहेर आली. "अरे, आईला पुढच्या रविवारी कुठे घेतोयस तू?"

शेवटी सगळे पिठलं-भात खायला बसले. अप्पांनी तर दोनदा वाढून घेतलं. मग त्यांनी माझा फोन मागितला आणि चष्मा वर सरकवून फोटो बघत राहिले. बराच वेळ.

"छान आलाय," अप्पा म्हणाले. "मोठा करून, फ्रेम करून आणा. वेळ येईल तेव्हा भिंतीवर हाच लावा."

"गप रे मेल्या!" आक्का ओरडली. सगळे हसले, मीही हसलो, पण मला भरून आलेलं.

फ्रेम मी अजून केलेली नाही. दर भेटीत अप्पा विचारतात, दर भेटीत मी नवीन थाप मारतो. हल्ली ते येईल त्याला सांगतात, "जावई फोटो चांगले काढतो, पण वेळेवर काम देईल तर शपथ!" यातलं पहिलं अर्धं वाक्य मी सगळ्यांना ऐकवत फिरतो. दुसरं, जमेल तितकी वर्षं, खरं करून दाखवणार आहे.