मलाच ऐकू येणारा आवाज

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला मंडईतून नारळ घेऊन येताना. जीपच्या मागच्या बाकावर मी, पायाशी नारळाची पोती, आणि गाडी चालवायला आमचे हे. हडपसर मागे पडलं, रस्ता जरा मोकळा झाला, तसं माझ्या पायाखालून सुरू झालं, कट्, कट्, कट्. पत्र्याच्या खालून कुणी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसं. मी म्हटलं, "अहो, ऐकताय का?" ह्यांनी मान तिरकी केली, थोडं ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जीप हाय ती, पाळणा न्हाय. वाजायचीच." विषय तिथे संपला. म्हणजे त्यांचा संपला. मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला तरी माझ्या कानात ते कट् कट् चालूच होतं, आणि मनात एकच, की आई माझ्यावर रागावली की काय?

आई म्हणजे आमची गावदेवी. चैत्रात यात्रेच्या आधी ती डोंगरावरच्या तिच्या थोरल्या बहिणीला भेटायला जाते. पूर्वी बैलगाडीतून जायची. मग आमच्या सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावातून ही जीप आणली, चारी चाकांना जोर असलेली, आणि तेव्हापासून आई आमच्या जीपने जाते. घाट चढून गेलं की शेवटचा रस्ता नुसत्या खडकाचा आहे, एका अंगाला दरी, साध्या गाडीचं तिथे काम नाही. देवीचा मुखवटा मांडीवर घेऊन बसायचा मान कुणाचा, त्याचा आमच्याकडे साधा नियम आहे, जिची गाडी तिची मांडी. सासूबाई होत्या तोवर त्यांची मांडी, त्यांच्यामागे माझी. मी काही शिकलेली बाई नाही. अक्षरओळख झाली तीही मुलांच्या पाटीवरून. पण त्या एका दिवशी माझ्या मांडीवर आई असते आणि अख्खं मांजरी गाव माझ्या पाया पडतं. खरं तर आईच्याच पाया पडतं, पण वाकताना डोकं माझ्या गुडघ्याला लागतं ना! ते सुख मला माहीत.

आता सुमनचं सांगते. सुमन माझी धाकटी जाऊ. शेताच्या जागी इमारती उठायला लागल्या तसे धाकटे दीर कोथरूडला फ्लॅट घेऊन राहायला गेले, आणि सुमन कोथरूडची झाली. तिचं सगळंच माझ्या डोळ्यांवर यायचं. ती हळू बोलते, म्हणून लोक कान देऊन ऐकतात. मी मोठ्याने बोलते, म्हणून कुणी ऐकत नाही. ती आली की तिला खुर्ची, मी घरचीच, मी उभी. आणि गेल्या पाडव्याला तिच्याकडे नवी गाडी आली. पांढरीशुभ्र, उंच, नवरीसारखी नटलेली, आणि तिच्याही चारी चाकांना जोर. ती गाडी आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मी सर्वांसमोर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आत जाऊन पाणी प्यायले.

त्याच दिवशी तिने ते बोलून दाखवलं. "आक्का, जीप आता थकली हो. या वर्षी आईला आमच्या गाडीतून नेऊ. तुम्हीही चला की आमच्याबरोबर, आत थंड हवा असते." एक वेळ तिने मान मागितला असता तर चाललं असतं, भांडता तरी आलं असतं. तिने मला बसायला बोलावलं! माझ्याच देवीच्या शेजारी, पाहुणी म्हणून. मी म्हटलं, "जीपला काय धाड भरलीय? चांगली ठणठणीत आहे." आणि नेमका त्यानंतर तो आवाज सुरू झाला. आता सांगा, मला काय वाटलं असेल?

माझं माहेर गुऱ्हाळवाल्यांचं. उसाच्या चरकाचा आवाज ऐकत मी वाढले. चरक कुठे कोरडा पडला, दात कुठे झिजला, हे आम्ही पोरी चिपाडं उचलता उचलता सांगायचो. त्यामुळे मी तो आवाज सोडला नाही. पुढच्या खेपेला प्रसादाच्या गुळाच्या ढेपा आणताना मी ह्यांना उतारावर गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन गप्प झालं, आवाज चालूच. म्हणजे इंजिनाचं दुखणं नव्हे. गाडी हळू तर कट् कट् हळू, गाडी पळाली की तीही पळते. म्हणजे जे चाकांबरोबर फिरतं त्यातलंच काहीतरी. एवढं मला कळलं, पण नेमकं काय ते कळेना. आणि ह्यांना तर ऐकूच येत नव्हतं. इंजिन त्यांच्या पुढ्यात, कान वयाने जड झालेले. "तुझं मन वाजतंय," म्हणाले. हे मात्र अगदीच खोटं नव्हतं.

फाट्यावरच्या मिस्त्रींकडे जीप पाठवली. आमच्याकडे पद्धत अशी, की देवीची गाडी कुठेही जायची तर आधी मागचा हौदा रिकामा करायचा, धुवायचा, उदबत्ती ओवाळायची. मागे आई बसते, म्हणून पायात चप्पल घालून तिथे कुणी बसायचं नाही. मिस्त्री म्हणाले, "काकू, मी मागे बसून ऐकतो, दादा चालवतील." मी म्हटलं, "अजिबात नाही. पुढे बसून ऐका." ते म्हणाले, "बरं. दात दुखतोय आणि तोंड उघडायचं नाही." पुढे बसून त्यांनी फेरी मारली, आवाज नाही. गाडी वर उचलून चाकं फिरवली, मागच्या धुऱ्याचं तेल काढून बोटावर घेऊन त्यात लोखंडाचा चुरा आहे का पाहिलं, इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा तो लांब दांडा असतो, शाफ्ट म्हणतात, तोही हाताने हलवून बघितला. सगळं घट्ट. "काकू, गाडी गप्प आहे. तुम्ही पण व्हा," म्हणाले.

ह्यांनी गावभर सांगितलं, मिस्त्रींनी पास केलं म्हणून. मी मात्र पुन्हा नारळ आणायला गेले आणि पुन्हा पायाखालून तेच. मग मला भीती वाटायला लागली. आपल्यालाच ऐकू येतं, दुसऱ्या कुणाला नाही, याचा अर्थ काय? देवळात जाऊन बसायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मी आईकडे चांगलं काही मागितलं नाही. तोंडाने 'सगळ्यांचं भलं कर' म्हणायचे आणि मनातून म्हणायचे, त्या पांढऱ्या गाडीचं चाक घाटात पंक्चर होऊ दे. आई सगळं ऐकते म्हणतात. हेही ऐकलं असणार.

निघायचा दिवस आला. सकाळीच देवळापुढे गर्दी, हलगी वाजतेय, जीपला झेंडूच्या माळा, हौद्यात नारळाची पोती भरलेली. जरा मागे ती पांढरी गाडी, सुमनसह, नुसती बरोबर यायला. मी नवं लुगडं नेसून जीपपाशी उभी. पुजारी मुखवटा घेऊन गाभाऱ्यातून बाहेर आले. उन्हात तो मुखवटा असा झळकला, की मला त्याचे डोळेच दिसले. आणि एकदम त्या खडकाच्या रस्त्यावरची दरी दिसली. आई माझ्या मांडीवर, आणि खाली ते कट् कट्. मान माझा, पण जीव सगळ्यांचा. ह्यांचा, मागे बसणाऱ्या पोरीबाळींचा. मी एकदा पांढऱ्या गाडीकडे बघितलं. मग मला जसं बोलता येतं तसं मोठ्याने म्हणाले, "थांबा. जीपमध्ये दोष आहे. आईला सुमनच्या गाडीत बसवा."

हलगी थांबली. कुणीतरी हसलं, "आक्का, मिस्त्रीनं पास केलीय की!" हे तर लाल झाले, "अगं, आज तरी गप बस." एवढ्या माणसांत मी एकटी. मुखवटा धरून पुजारी मध्येच उभे. देवा, तू बोलायला लावलंस, आता तूच बघ, असं म्हणून मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा सुमन चपला काढून जीपच्या मागच्या पायरीवर चढत होती.

"कुठे वाजतं आक्का?"

"पायाखाली."

"मग चला, बघू तरी. सरका."

इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या हौद्यात एकत्र कधी बसलो नव्हतो. माझ्या मांडीवर मान असताना ती दुसऱ्या गाडीने यायची, आणि मला ते बरंच वाटायचं. त्या दिवशी समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लागला. ह्यांनी रागारागाने गाडी काढली, देवळाला वळसा घालून कॅनॉलच्या रस्त्याला लागले. सुमन खाली मान घालून ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एकदम तिने माझा हात घट्ट धरला.

"आक्का! येतोय! कट् कट्, अगदी इथून, पायाखालून!"

मला रडूच आलं. ह्यांना ऐकू आलं नाही, मिस्त्रींना आलं नाही, गावाला आलं नाही. मला खोटं न ठरवणारं पहिलं माणूस कोण, तर ही. जिच्या चाकाचं वाईट मी देवीपुढे चिंतलं ती.

जीप तशीच फाट्यावर नेली. मिस्त्री दोघींना हौद्यात बघून म्हणाले, "आज देवीच्या जागेवर बाया कशा?" सुमन म्हणाली, "तुम्ही खाली बघा, वरचं आम्ही बघतो." ते खाली शिरले आणि आतून ओरडले, "उतरू नका! दोघी तशाच बसा!" मग आम्ही बसलो, वजन म्हणून. खाली ठोकाठोक, वर आम्ही दोघी. मग सुमनच म्हणाली, "सासूबाईंनी मांडी तुम्हाला दिली. मला कधी विचारलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "म्हणून गाडी घेतलीस?"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि इतकी हसली, की मिस्त्री खालून म्हणाले, "हलू नका हो!"

मिस्त्री बाहेर आले ते काळ्या हाताने कपाळ पुसत. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक सांधा असतो, त्याला क्रॉस म्हणतात, तो आतून झिजून गेला होता. गाडी रिकामी असली की मागची बाजू उंच राहते, शाफ्ट सरळ राहतो आणि क्रॉस गप्प बसतो. मागे ओझं आलं, गाडी खाली बसली, शाफ्ट तिरका झाला, की तो वाजतो. "खडकावर भरल्या गाडीत हा तुटला असता, तर चाकांना जोर गेलाच नसता," एवढंच ते म्हणाले. दरीचं नाव कुणी काढलं नाही. मग मलाच म्हणाले, "आणि काकू, मागे तुम्ही आणि पोती असता तेव्हाच वाजतं, हे आधी सांगायचं ना!" मीच धुऊन, पुसून, हौदा रिकामा करून, त्यांना मागे बसू न देता गाडी पाठवत होते. देवीची जागा मी इतकी जपली, की देवीला जे दाखवायचं होतं ते दिसायची सोयच ठेवली नाही.

क्रॉस बदलायला वेळ लागणार होता, आणि थोरली बहीण वाट बघत होती. आम्ही दोघी देवळापाशी परतलो, आणि आई सुमनच्या गाडीतून गेली. जिची गाडी तिची मांडी. मी शेजारी बसले, थंड हवेत. खोटं कशाला सांगू, देवळातून निघताना लोक वाकले, त्यांची डोकी सुमनच्या गुडघ्याला लागली, तेव्हा माझ्या पोटात दुखलंच. खडकाचा रस्ता आला, गाडी डुलायला लागली. सुमनला सवय नाही. मुखवटा एकीकडून दाबून धरायचा आणि दुसरीकडून सैल सोडायचा, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी माझा हात खाली घातला. वरपर्यंत आईचं अर्धं वजन माझ्या हातावर होतं, आणि ते वजन मी ओळखलं. दर वर्षीचंच ते.

बहिणी भेटल्या, भंडारा उधळला. दुपार कलताना खालून घरघर ऐकू आली. आमची जीप, नवा क्रॉस घालून, नारळ घेऊन खडक चढत होती, हे एकटेच चालवत. मी कड्याशी उभी राहून कान लावला. पोती भरलेली, चढ उभा, आणि इंजिनाशिवाय दुसरा आवाज नाही. मी तिथेच हात जोडले. आई, आवाज तू मला ऐकवलास, पण त्याची साक्ष हिच्या कानात ठेवलीस. मी माझं धरून ठेवलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. सोडायला लावलंस, तेवढं पुरे. आणि चाकाचं जे बोलले होते, ते ऐकलं नसल्यासारखं केलंस, त्याबद्दलही उपकार.

हेवा गेला का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणेन. तिची गाडी दारात आली की अजून काहीतरी होतंच. फक्त आता तसं झालं, की मी तिला म्हणते, "सुमे, जरा जीपमध्ये बस गं. एक चक्कर मारू. मागे वजन लागतं, मगच कळतं काय वाजतंय ते." ती चपला काढते आणि चढते.